शेख सरांनी ऐकलेली टकटक

शेख सरांच्या शेजारी बसून नोकरी करायची म्हणजे अंगात सोशिकपणा पाहिजे, आणि तो माझ्यात औषधालाही नाही. सासरी विचारा, माहेरी विचारा, सगळे हेच सांगतील. तरी मी त्या माणसाच्या शेजारच्या खुर्चीत वर्षानुवर्षं बसले, रोज एकदा तरी भांडले, आणि आता ती खुर्ची सुटली तरी कुणी काही घाईघाईनं सांगून फोन ठेवला की मला त्यांचीच आठवण येते. मग कामात लक्ष लागत नाही.

आमच्या जिल्ह्यात विमानं उडतात असं पुण्याच्या माणसाला सांगितलं की तो आधी हसतो. हसू दे. ढोकीच्या अलीकडं माळावर एक धावपट्टी आहे. प्रवासी विमान तिथं कधी येत नाही. पायलट व्हायला निघालेली पोरंपोरी तिथं शिकायला येतात आणि दोन-चार माणसांची लहान विमानं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालतात. शिकवणाऱ्या संस्थेचं नाव मी घेणार नाही, घेऊन आता उपयोगही नाही. कोणी कोणत्या विमानात किती वाजता उडायचं, ते फळ्यावर मांडायचं काम माझ्याकडं होतं. आणि उडणाऱ्यांशी रेडिओवर बोलायचं, तू आता वळ, तू थांब, तू उतर, हे काम शेख सरांचं. टॉवर म्हणायचे आम्ही, पण ती पत्र्याच्या छपरावरची तीन बाजूंनी काचा लावलेली एक खोली होती. उन्हाळ्यात तिच्यात बसणं म्हणजे शिक्षाच.

सर तेरचे. आयुष्यभर फौजेच्या विमानतळांवर हेच काम करून निवृत्त झाले आणि गावी परत आले. उंच, वाळकुडे, शर्टाला कडक इस्त्री, पायात चकाकणारे बूट. तेरहून एसटीनं यायचे. घरात दखनी बोलायचे, गावात मराठी आणि रेडिओवर इंग्रजी, पण तिन्ही भाषांत त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. काय ऐकलं ते सांगा.

मी कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला उद्याचं वेळापत्रक कसं मांडायचं ते सांगितलं आणि म्हणाले, "आता काय ऐकलं ते सांगा, सुनंदाबाई." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, मला काय बहिरी समजलात का? सर शांतपणे म्हणाले, "बहिरी असता तर काळजी न्हवती. बहिरी माणसं तोंडाकडं बघून ऐकतात. कान असलेलीच लई घोटाळा करतात." मी रागारागानं सगळं परत म्हणून दाखवलं. त्यात एक चूक निघाली. ती त्यांनी दुरुस्त केली, मला पुन्हा म्हणायला लावलं आणि चहा मागवला.

त्यांच्या धंद्याचा हा नियमच आहे, हे मला नंतर कळलं. रेडिओवर पायलटला काही सांगितलं की त्यानं ते जसंच्या तसं परत बोलून दाखवायचं आणि सांगणाऱ्यानं ते कान देऊन ऐकायचं. नुसतं हो म्हणून चालत नाही. पण बाकीची माणसं नियम टॉवरमध्ये ठेवून घरी जातात. सर तो नियम अंगात घालूनच फिरायचे. चहावाल्याला दोन कमी साखरेचे सांगितले की परत म्हण. एसटीच्या कंडक्टरला उतरायचं ठिकाण सांगितलं की परत म्हणा. कंडक्टर लोक त्यांना ओळखून होते. सर चढले की आपणहोऊन ओरडायचे, "तेर एक, तेरलाच उतरणार, बसा चाचा." सरांना त्यात चेष्टा दिसायचीच नाही, ते मान डोलावून बसायचे.

एकदा माझ्या सासूबाईंना डॉक्टरांनी फोनवर गोळ्या बदलून दिल्या. मी फोन ठेवला, तर सर म्हणाले, डॉक्टरांना परत फोन लावा आणि काय ऐकलं ते सांगा. मी म्हटलं, सर, डॉक्टर शिव्या घालतील. म्हणाले, घालू द्या. मी चरफडत लावला. सगळं बरोबरच निघालं, एक अक्षर चुकलेलं नव्हतं. मी फोन आपटून म्हटलं, बघा, झालं समाधान? सर म्हणाले, "झालं की. तुम्हाला आज झोप लागंल." आणि खरं सांगते, लागली.

त्यांच्या भाचीच्या लग्नाला आम्ही सगळे तेरला गेलो होतो. काजींनी मुलीला कबूल आहे का म्हणून विचारलं, तिनं हो म्हटलं, त्यांनी परत विचारलं, परत एकदा विचारलं. सर माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "बघा, ही खरी पद्धत. आमच्या बापजाद्यांना रेडिओच्या आधीपासनं ठाऊक हाय." मला हसू आवरेना. जेवणाच्या वेळी ते आचाऱ्याला पंगतींचा हिशेब परत म्हणायला लावत होते आणि त्यांची बायको जुबेदाभाभी कपाळाला हात लावून उभी होती. मला म्हणाली, "निकाहच्या दिवशी मी एकदाच कबूल म्हटलं असतं तर ह्यांनी मला घरी नेलंच नसतं."

अशा माणसाच्या तावडीत अश्विनी सापडली.

अश्विनी अणदूरची. वडील शेतकरी, जमीन बरी, ऊस आणि द्राक्षं. घरात सगळ्यांचा विरोध असताना हिनं पायलट व्हायचं डोक्यात घेतलं आणि शेवटी आईबापानं हात टेकले. पोरगी फटाकडी होती. बोलणं भराभर, चालणं भराभर, कुणी वाक्य संपवायच्या आत हिचं उत्तर तयार. पहिल्यांदा आली तेव्हा खंडोबाचा भंडारा कपाळभर लावून आली आणि विमानाच्या पंख्यालाही थोडा लावला. इन्स्ट्रक्टर ओरडला. सर म्हणाले, लावू दे, पुसून टाकू.

वैमानिकांत एक वाईट सवय असते. बोलायचा कंटाळा आला की उत्तरादाखल रेडिओचं बटण नुसतं दोनदा दाबायचं. इकडं टकटक असा आवाज येतो. म्हणजे ऐकलं, कळलं. मोठे मोठे पायलट करतात, त्यांचं बघून पोरं करतात, त्यात त्यांना ऐट वाटते. अश्विनी सुरुवातीला सर्रास करायची. सर रेडिओवर कधी आवाज चढवायचे नाहीत, पण ती खाली उतरली की तिला वर बोलवायचे. एकदा म्हणाले, "टकटक करायला तू सुतार हायस का? टकटकीवर नाव लिहिलेलं असतंय का कुणाची हाय म्हणून? मला माणसाचा आवाज पाहिजे." ती पण कमी नव्हती. म्हणाली, सर, माझा आवाज ऐकायला तुम्हाला इतका आवडतो तर गाणंच म्हणते. दुसऱ्या दिवशी तिनं प्रत्येक सूचना अशी खणखणीत, एकेक शब्द तोडून परत म्हटली की टॉवरमध्ये आम्ही पोट धरून हसलो. सर हसले नाहीत. फक्त म्हणाले, "अस्सं." त्या दिवसापासून तिनं टकटक सोडली ती सोडलीच. बाकीची पोरं तिला शेख सरांचा पोपट म्हणायची, तिला त्याचं काही वाटायचं नाही.

ती पहिल्यांदा एकटी उडाली, त्या दिवशी तिचे आईवडील बघायला आले होते. निवृत्तीअण्णा म्हणजे तिचे वडील, पांढरा सदरा, टोपी, हातात टॉवेल. आई धावपट्टीच्या कुंपणाला धरून डोळे मिटून उभी. पोरगी उतरली, पोरांनी रिवाजाप्रमाणं तिच्या अंगावर पाण्याच्या बादल्या ओतल्या आणि आईला ते काही समजेना, ती मधेच पदरानं तिला पुसायला धावली. नंतर अण्णा जिना चढून वर आले. सरांना हात जोडले आणि त्यांनी एकच विचारलं, "पोरगी ऐकती का तुमचं?" घरात ती कुणाचंच ऐकत नसणार, हे त्या विचारण्यातच होतं. सर म्हणाले, "अण्णा, माझं इतकं कुणीच ऐकत न्हाय." अण्णांची छाती केवढी फुगली होती, ते मी बघितलं आहे.

पुढचं सांगायला मला आवडत नाही, पण त्याशिवाय सर कोण होते ते कळायचं नाही.

त्या वर्षी पावसानं उडायचे दिवस खाल्ले. आभाळ उघडल्यावर सगळ्यांचे तास भरून काढायचे होते, म्हणून एका वेळी आकाशात विमानं वाढली. रेडिओ मात्र सगळ्यांत एकच. एकजण बोलत असला की दुसऱ्याला बोलता येत नाही. आणि सर प्रत्येकाकडून प्रत्येक गोष्ट परत म्हणवून घ्यायचे, त्यात वेळ जायचा. पोरं तक्रार करायला लागली की उतरायला आलो हे सांगायलाही जागा मिळत नाही. त्यांचंही खोटं नव्हतं. संस्थेचे मुख्य कॅप्टन वर आले आणि नीट, आदरानंच बोलले. म्हणाले, मोठ्या सूचना परत म्हणवून घ्या, पण बारीकसारीक गोष्टींना टकटक चालवून घ्या, तेवढाच रेडिओ मोकळा राहील. सरांनी नाही म्हटलं. कॅप्टन म्हणाले, "सर, तुमचा काळ वेगळा होता. तेव्हा दिवसाला चार विमानं यायची."

हे सरांना लागलं. मला दिसलं लागलेलं. कोणी चूक म्हटलं असतं तर ते तासभर भांडले असते, पण म्हातारा म्हटल्यावर माणूस गप्प होतो. थोड्या वेळानं ते म्हणाले, ठीक आहे, बघू काही दिवस. मला नवलच वाटलं. मी चिडवायला तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं.

मग खोलीत दिवसभर टकटक सुरू झाली. सगळ्या पोरांनी लगेच धरली, मोठ्या सूचनांनाही. एकटी अश्विनी सगळं परत म्हणत राहिली. तिला कोणी म्हटलं, आता सूट आहे की. ती म्हणाली, मला सवय लागली आहे, आता जीभ ऐकत नाही.

तो दिवस स्वच्छ होता. दुपार कलली होती, साखर कारखान्याच्या चिमणीचा धूर सरळ वर जात होता. उतरायची दिशा पश्चिमेची, म्हणजे उतरणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन. एक विमान उतरलं आणि धावता धावता त्याचं टायर फुटलं. कोणाला काही झालं नाही, पण ते पट्टीच्या मधोमध वाकडं होऊन थांबलं. त्याच्या मागं अश्विनी एकटी, उतरायला जवळ आलेली. तिच्या बऱ्याच मागं एका तरुण इन्स्ट्रक्टरचं विमान.

सरांनी आधी त्या मागच्या विमानाला सांगितलं, घाई करू नका, लांबूनच वळा. आणि त्याच दमात अश्विनीला सांगितलं, उतरू नको, वर निघून जा. लगेच उत्तर आलं. टकटक.

सर माझ्याकडं वळले, म्हणाले आगीचा बंब पट्टीवर पाठवा. मी फोन उचलला. सर त्या अडकलेल्या विमानाकडं बघून त्याच्याशी बोलू लागले. पोरगी वर गेलीच असणार, असं त्यांनी धरलं होतं, आणि मीही. मी फोनवर बोलताना सहज मान वळवली तर ती खालीच येत होती. सर, असं मी ओरडले एवढंच मला आठवतं. सरांनी तिचं नाव घेतलं. रेडिओवर कोणी नाव घेत नाही, विमानाचा नंबर घेतात. त्यांनी नाव घेतलं, अश्विनी, वर, वर.

ते मात्र तिला ऐकू गेलं. तिनं विमान असं खेचलं की ते पट्टीवरच्या विमानावरून गेलं, त्यात बसलेल्या पोराला खरचटलंसुद्धा नाही. पण इतकं उभं खेचल्यावर विमानात जोर राहत नाही. ते पलीकडच्या उसात पडलं. तोडणीची टोळी तिथं काम करत होती, ती माणसं आमच्या गाडीच्या आधी पोचली, त्यांनीच तिला बाहेर काढलं. धाराशिवच्या दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली होती.

चौकशीला बाहेरून साहेब आले. टॉवरचं सगळं बोलणं टेपवर असतं. टेप लावली. सरांची सूचना स्वच्छ, पाठोपाठ टकटक स्वच्छ. विमान मात्र वर गेलं नाही. यातून जो अर्थ निघायचा तो निघाला. सूचना दिली, विद्यार्थिनीला मिळाली, तिनं पाळली नाही. मागच्या विमानातल्या इन्स्ट्रक्टरला विचारलं तर तो म्हणाला, मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. कॅप्टननी सरांच्या पाठीवर हात ठेवला, म्हणाले, तुमच्यावर काही येत नाही, तुम्ही निश्चिंत राहा.

अण्णा तिची पेटी न्यायला आले. ऑफिसातल्या कोणीतरी, वाईट हेतूनं नव्हे, समजूत काढावी म्हणून त्यांना सांगितलं की टॉवरनं वेळेवर सूचना दिली होती, पण तिनं ऐकलं नाही. अण्णांनी पेटीची कडी हातात धरली होती. पेटी खाली ठेवली आणि म्हणाले, "ऐकलं न्हाय व्हय?" परत पेटी उचलली आणि निघाले. सर दारातच उभे होते. अण्णांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. मी त्या बापाची पाठ बघत राहिले.

सर खुर्चीत बसले. मग म्हणाले, "ती टकटक तिची न्हवती, सुनंदाबाई."

मला कळेना. त्यांनी सांगितलं. रेडिओचं बटण दाबून माणूस बोलत असला की त्या वेळी त्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. उतरायला जवळ आलं की पायलटनं तसं सांगायचं असतं. सर म्हणाले, मी वर जा म्हटलं, नेमक्या त्याच घडीला तिनं ते सांगायला बटण दाबलं असणार. तिचं मला ऐकू आलं नाही, माझं तिला. मी बोलून संपलो तेव्हा मागच्या विमानानं स्वतःच्या सूचनेला टकटक दिली, आणि मी ती हिची म्हणून घेतली. तिला वाटलं, मी सांगितलं आणि सरांनी ऐकलं. मला वाटलं, मी सांगितलं आणि तिनं ऐकलं.

मी म्हटलं, पण सर, हे तुम्ही नुसतं धरताय. कशावरून तिनं टकटक केली नसेल?

सर माझ्याकडं वळले. म्हणाले, "सगळ्या पोरांत टकटक न करणारी ती एकटीच होती. हे सगळ्यांनी ऐकलं होतं, पण पक्कं ठाऊक दोघांनाच होतं. तिला आन मला." आणि तो कडक इस्त्रीचा माणूस माझ्यासमोर तोंडावर रुमाल धरून रडला. मी आजवर कोणाच्या रडण्याला घाबरले नाही, त्या दिवशी घाबरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकशीच्या साहेबांना सगळं सांगितलं. सूट दिल्यापासूनच्या टेपा काढून ऐका म्हणाले, एकदा तरी तिची टकटक सापडते का बघा. कॅप्टननी त्यांना बाजूला घेतलं. पुरावा काही नाही, मग हे स्वतःच्या गळ्यात कशाला घेता, असं समजावलं. सर म्हणाले, मी आहे की पुरावा. त्या इन्स्ट्रक्टरवर मी चिडले होते, त्याला चार शब्द सुनावणार होते. सरांनी अडवलं. म्हणाले, त्याला खरंच आठवत नसंल, टकटक कोण ध्यानात ठेवतं, म्हणून तर मी भांडत होतो आणि मग मीच भांडायचं सोडलं.

टेपा ऐकल्या गेल्या. प्रत्येक ठिकाणी तिचा तो खणखणीत आवाज होता. पुढं अहवालात तिच्या माथ्यावरचा दोष पुसला गेला आणि सरांचं काम कायमचं बंद झालं. पण त्याला फार महिने लागले. सर अहवालाची वाट बघत बसले नाहीत. ते मला म्हणाले, अणदूरला जायचं आहे, तुम्ही सोबत चला, तिच्या आईजवळ एक बाईमाणूस असलेलं बरं.

तुळजापूरवरून आम्ही एसटीनं गेलो. घर विचारत गेलो. ओसरीत अण्णा बसले होते. त्यांनी या म्हटलं, पाणी दिलं. सरांनी पाण्याला हात लावला नाही. उभ्यानंच सांगायला लागले, अण्णांनी बसा म्हटलं तरी बसले नाहीत. सगळं सांगितलं, बटणाचं, टकटकीचं, कॅप्टनचं बोलणं मनाला लावून घेतलं त्याचंही. स्वतःचं काही लपवलं नाही. शेवटी म्हणाले, "अण्णा, पोरीनं ऐकलं न्हाय असं न्हाय. तिच्यापतुर पोचलंच न्हाय. पोचलं का ते बघायचं काम माझं होतं."

अण्णा जमिनीकडं बघत होते. मग म्हणाले, "हे तिच्या आईला सांगा. म्या सांगू शकत न्हाय. रोज म्हणती, लहानपणापासनं कुणाचं ऐकायचीच न्हाय माझी पोरगी, म्हणून गेली."

आई आतच दाराशी उभी होती, तिनं ऐकलेलं होतं. ती बाहेर आली. मी उठून तिच्याजवळ गेले, तिनं माझा हात बाजूला केला. सरांच्या समोर येऊन उभी राहिली आणि एकेक शब्द म्हणत गेली, "तुमी वर जा म्हणलात. तिला ते ऐकूच आलं न्हाय. दुसऱ्यानंच हो म्हणलं, आन तुमाला वाटलं तिनं म्हणलं. असंच ना?"

सर म्हणाले, "बरोबर."

"तिला ऐकू आलं तवा तिनं ऐकलं."

"बरोबर. लगेच ऐकलं. तिनं तसं खेचलं न्हसतं तर खालचं पोरगं गेलं असतं."

बाईनं भिंतीला हात टेकला. मग तिनं डोळे पुसले, पदर सारखा केला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "लई उपकार झाले, येऊन सांगितलंत. आता जावा. आन परत आमच्या घरी येऊ नगा. तुमाला बघितलं की मला तीच दिसंल." अण्णा काही बोलायला गेले, तिनं हातानंच थांबवलं. सरांनी मान खाली घालून हो म्हटलं, आणि आम्ही निघालो. परतीच्या एसटीत कंडक्टर तिकिटाला आला तर सरांनी पैसे पुढं केले, पण कुठलं ते सांगता येईना. मी दोन तिकिटं काढली.

संस्था काही दिवसांनी बंद पडली. मी धाराशिवला एका शाळेच्या ऑफिसात लागले. सरांना मी अधूनमधून फोन करायची. जुबेदाभाभी उचलायची, म्हणायची, बाहेर गेले आहेत. कुठं म्हटलं की विषय बदलायची. मला वाटलं, माणसाला बोलायचं नसेल, कशाला खोदून विचारा.

मग एकदा मी उमरग्याला बहिणीकडं निघाले होते. गाडी अणदूरच्या फाट्यावर थांबली. ऊन रणरणत होतं. खिडकीतून बघते तर थांब्याच्या बाकावर शेख सर. शर्टाला तीच इस्त्री, पण कॉलर गळ्याला केवढी ढिली होत होती, इतके सुकलेले. मी कंडक्टरला म्हटलं, जरा थांबा हो, आणि उतरले.

मला बघून ते उठले. मी म्हटलं, सर, इथं कुठं? कोणाकडं आलात?

म्हणाले, "कुणाकडं न्हाय. दर महिन्याला ती गेली त्या तारखेला येतो, एखाद तास बसतो. त्यांनी घरी येऊ नका म्हटलंय. इथवर येऊ नका असं न्हाय म्हटलं."

मी विचारलं, अण्णांना माहीत आहे? ते म्हणाले, अण्णा इथूनच शेतावर जातात, बघतात, बोलत नाहीत. मग बाकाच्या टोकाकडं हात केला. तिथं पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला होता, वर पेला पालथा. "मागच्या दोन-तीन खेपांपासनं हे असतं इथं," सर म्हणाले. "कोण ठेवतं मी बघितलं न्हाय. मी यायच्या आधी ठेवलेलं असतं."

मी म्हटलं, अण्णाच असतील.

"अण्णा न्हाईत," सर म्हणाले. "मी त्यांना विचारलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच बोलले माझ्याशी. म्हणाले, म्या न्हाय, घरातनं येतंय."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, कंडक्टर ओरडायला लागला. मी गाडीत चढले आणि खिडकीशी बसले. गाडी निघाली तेव्हा सरांनी पेला सुलटा केला होता आणि दोन्ही हातांनी तांब्या उचलून पाणी ओतत होते. त्या उन्हाळ्यातच ते गेले.